मे महिन्यातली मावशी

सोमवारी सकाळी हिराकाकू गच्चीची किल्ली घेऊन वर आल्या. आमची इमारत त्यांच्याच जुन्या जागेवर उभी आहे. त्या तळमजल्यावर राहतात आणि गच्चीची किल्ली त्यांच्याकडेच असते. "ऊन चांगला हाय. काय घालायचा असल त घाल," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता किल्ली टेबलावर ठेवून गेल्या.

मी वर गेले ती रिकाम्या हातांनीच. पनवेलचं मे महिन्यातलं ऊन कोरडं नसतं. खाडीवरची ओल त्यात मिसळलेली असते, ते अंगाला चिकटतं. एका बाजूला करंजाड्याचे टॉवर, दुसऱ्या बाजूला कर्नाळ्याचा धुरकट सुळका, आणि त्यांच्या मधून खाली उतरत जाणारं एक विमान. पूर्वी या दिवसांत गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची. जुन्या साड्या पसरलेल्या, चारी कोपऱ्यांवर दगड, कुणाच्या फेण्या, कुणाचे सांडगे, आणि कावळे हाकलायला काठी घेऊन बसवलेली पोरं. यंदा पाण्याच्या टाक्या आहेत आणि कुणाची तरी एक चादर. पायाखालचा कोबा चटके द्यायला लागला तशी मी खाली आले.

वर्षातला हा एकच महिना असा होता, की माझी मुलगी माझ्या घरी असायची. आणि त्या महिन्यात ती मला मावशी म्हणायची.

सई माझ्या पोटची. वाढली नाशिकला, माझ्या ताईकडे. रीतसर कागदपत्रं करून दत्तक दिलेली. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, लपवाछपवी कधीच नव्हती. तरी हे वाक्य लिहिताना आजही माझा हात क्षणभर अडतो. सई माझ्या पोटची.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमचं माहेर पेणचं. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर माझ्या वेण्या ताईनं घातल्या, पाढे ताईनं पाठ करून घेतले, तापात कपाळावर घड्या ताईनं ठेवल्या. शाळेत पहिल्यांदा फ्रॉकवर डाग पडला तेव्हा मी दप्तर छातीशी धरून पळत आले ती तिच्याकडेच. तिनं मला न्हाणीघरात नेलं, गरम पाणी दिलं आणि नंतर गूळ-पोहे कालवून दिले. माझ्यामुळे तिचं लग्न लांबलं असं लोक म्हणायचे. ती कधी म्हणाली नाही.

लग्न होऊन ती नाशिकला गेली. तिला दिवस राहायचे आणि जायचे. एकदा तर बाळंतविड्याची दुपटी शिवून झाली होती. पुढे तिनं ती माझ्या चिन्मयसाठी आणली. त्याच्या वेळी माझं बाळंतपण करायला तीच आली होती. त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे मला बघवत नसे, इतकी ती सुखात असायची.

मला दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी तिला फोन केला आणि म्हटलं, "ताई, हे बाळ तुझं."

लोकांना अजून वाटतं, तिनं मागितलं असेल. तिनं काही मागितलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "सुधीरला विचारलंस का?"

सुधीर म्हणजे माझा नवरा. त्याला विचारलं होतं. गॅलरीत वडाळे तलावाकडे तोंड करून तो उभा होता. म्हणाला, "तू ठरवलंयस, मी नाही म्हणणार नाही. फक्त बाळ माझ्या हातात देऊ नकोस. मग मला जमणार नाही." त्यानं ते पाळलं. सई आमच्या घरात होती तेवढे दिवस तो पाळण्याजवळून जाताना मान खाली घालायचा.

होळीच्या सुमारास सई जन्मली आणि मे लागताच ताई तिला घेऊन गेली. तोपर्यंत ताई इथेच होती. दूध मी पाजायचे, बाकी सगळं ती करायची. शेवटच्या आठवड्यात आम्ही हळूहळू बाटली सुरू केली. बाटली पहिल्यांदा तोंडाला लागली तेव्हा सईनं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. ताईनं मला हाक मारली नाही. तिला कळत होतं.

त्या गेल्यावर छाती दगडासारखी झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घट्ट बांधून ठेवायला सांगितलं. तरी शेजारचं मूल रडलं की ब्लाउज भिजायचा. हिराकाकू तेव्हा रोज येऊन बसायच्या. कोबीची गार पानं आणून द्यायच्या, छातीवर ठेवायला. चिन्मय तीन वर्षांचा होता. पाळणा काढून माळ्यावर टाकला तेव्हा त्यानं विचारलं, "बाळ कधी येणार?"

"मे महिन्यात," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. पण तेच खरं ठरलं.

दर वर्षी शाळेला सुट्टी लागली की ताई सईला घेऊन यायची आणि आठ-दहा दिवस राहून नोकरीसाठी परत जायची. सई राहायची. ताईच्या पिशवीत नाशिकच्या गव्हाच्या कुरडया असायच्या, सासूकडून शिकलेल्या. माझ्याकडे पेणच्या पद्धतीचे पोह्याचे पापड. घरभर कांडलेल्या पोह्यांचा, हिरव्या मिरचीचा वास. सई आणि चिन्मय लाट्या चोरायचे. तेलात बुडवून ओली लाटी खाणं हा त्यांचा सकाळचा नाश्ताच. दुपारी इमारतीतली पोरं माझ्याकडे जमायची. मी सुट्टीत हस्तकलेचा वर्ग घेते, फार काही नाही, हॉलमध्ये सतरंजी टाकून. उरणच्या किनाऱ्यावरून वेचलेल्या शिंपल्यांचे मोर, जुन्या लग्नपत्रिकांच्या पेट्या, आइसक्रीमच्या काड्यांची घरं. सईची बोटं या कामात माझ्यासारखीच चालायची. कागद दुमडताना ती खालचा ओठ आत घ्यायची. मीही घेते. हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलेलं होतं आणि दोघींनीही ते कधी बोलून दाखवलं नाही.

तिला ताईनंच सांगितलं, ती सात वर्षांची असताना. आधी मला फोन केला. मी म्हटलं, "इतक्यात कशाला?" तर म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मला सांगायचंय." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. "सांगितलं."

"काय म्हणाली?"

"बरं म्हणाली. मग खेळायला गेली."

त्या वर्षी ती आली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. ती माझ्याकडे बघायची, मी पोळपाटाकडे. चार-पाच दिवस असेच गेले. एका सकाळी मी लाट्या करत होते, ती समोर पाटावर बसली होती. एकदम म्हणाली, "मावशी, मी तुझ्या पोटात होते तेव्हा तू काय खायचीस?"

मी म्हटलं, "चिंचा खायचे. आणि द्राक्षं. तुझी आई नाशिकहून पाठवायची, पेटी भरून. आणि तिच्या हातचा चिवडा."

सईच्या हातातल्या लाटीचं तेल मनगटापर्यंत ओघळलं होतं. "म्हणजे आई तिकडून पाठवायची, तू खायचीस आणि ते मला मिळायचं."

"हो."

"म्हणजे आईच मला भरवत होती."

मी हो म्हटलं. ती समाधानानं उठून बाहेर गेली, तिच्या मनातला हिशेब जुळला होता. मी तिथेच बसून राहिले. पीठ कोरडं पडेपर्यंत.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तिनं जे म्हटलं ते खोटं नव्हतं. त्या पेट्या उघडताना मलाही वाटायचं, की ताई मला भरवतेय. लहानपणापासून तीच तर भरवत आली होती.

ताई मागच्या वर्षी गेली, चैत्रात. फुप्फुसाचा आजार होता, थंडीपासून अंथरुणालाच खिळली होती. शेवटचे पंधरा दिवस मी नाशिकला होते. तिला बोलायला दम पुरायचा नाही, म्हणून ती डोळ्यांनी सांगायची, उशी सरकव, पाणी दे, सईला जेवायला बसव. एकदा मी तिचे केस विंचरत होते. तिनं माझा हात धरून ठेवला आणि सईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता काही सांगेल. तिनं काही सांगितलं नाही. मी तरी काय ऐकायला आसुसले होते, कोण जाणे.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, भिंतीला टेकून बसलेले, कुणी पुढ्यात काही ठेवलं तर खायचे, नाही तर नाही. जेवणं झाल्यावर त्यांची एक चुलत बहीण सईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "देवाची करणी बघ. ज्या आईनं जन्म दिला ती आहेच की तुला. आता हीच तुझी आई."

सई वीस वर्षांची. तिनं पाठीवरचा हात हळूच बाजूला केला, ताटं उचलली आणि मोरीकडे गेली. नळ किती तरी वेळ चालू होता.

पंधरा दिवसांनी ती फोनवर स्वतःहून म्हणाली, "मावशी, मी येऊ का पनवेलला? मे आहे ना." भाऊजींना त्यांचे धाकटे भाऊ घेऊन गेले होते. ती बॅग घेऊन आली. पहिल्यांदाच एकटी.

त्या मे महिन्यात चिन्मय नोकरीसाठी बाहेरगावी होता आणि घरात फार हळू आवाजात बोललं जायचं. सुधीर ऑफिसातून येताना तिच्यासाठी ताडगोळे आणायचा, सोलून वाटीत ठेवायचा आणि वाटी तिच्यापुढे सरकवून पेपर उघडायचा. वीस वर्षांत त्यानं तिला कधी जवळ घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. ताडगोळे मात्र तो इतके मन लावून सोलायचा की एकाचंही पाणी सांडायचं नाही.

वर्ग बंद ठेवायचं मी ठरवलं होतं. पण पोरं दारात येऊन उभी राहिली आणि सईनंच सतरंजी अंथरली. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आईचा दिवस असतो म्हणून आम्ही दर वर्षी आधीच्या आठवड्यात पोरांकडून भेटकार्डं करून घेतो. कागदाची फुलं, मध्ये टिकली, आत दोन ओळी. मी म्हटलं, यंदा दुसरं काही करू. सई म्हणाली, "नको. त्यांनी आधीच ठरवलंय कोणता रंग घ्यायचा ते."

पोरं चिकटवाचिकटवीला बसली. तीही एक जांभळा कार्डबोर्ड घेऊन बसली. पाकळ्या कापायला लागली. वरच्या मजल्यावरची छोटी आर्या तिच्या गुडघ्याला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "सईताई, तुझं कुणासाठी?"

माझ्या हातात कात्री होती. मी कापायचं थांबले. मान वर केली नाही.

"आईसाठी," सई म्हणाली.

"तुझी आई कुठे आहे?"

"नाशिकला होती."

आर्याला तेवढं पुरलं. तिला गुलाबी टिकली हवी होती, ती शोधायला लागली. संध्याकाळी पोरं गेल्यावर मी कागदाचे कपटे गोळा करत होते. जांभळं कार्ड टेबलावर नव्हतं. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी बघत होते. टेबलावर, माझ्या उशीशी, फ्रिजवर. शेवटी दिसलं. शोकेसमध्ये आम्हा दोघी बहिणींचा पेणच्या घरासमोरचा फोटो आहे, त्याला टेकवून ठेवलं होतं. फोटोत ताईच्या बाजूला. माझा चेहरा मोकळाच होता.

मी ते हलवलं नाही. गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढले. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता मला कळलं, की त्या बाईचं तेराव्याचं वाक्य सईनं टाकून दिलं होतं, पण मी ते नकळत बरोबर घेऊन आले होते.

नंतर सई म्हणाली, "कुरडया करू या. आई दर वर्षी करायची." मी आयुष्यात गव्हाच्या कुरडया केल्या नव्हत्या. गहू भिजत घातले. रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी आंबट वास घरभर झाला. सई ताईची पद्धत आठवून आठवून सांगायची. अमुक वेळ वाटायचं, चीक गाळून रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं. मी ऐकायचे. ताईचेच शब्द असायचे, "घाई करायची नाही, घाई केली की गाठी होतात." ताईचा आवाजही थोडासा.

सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. चीक शिजवायला दोन माणसं लागतात. एकीनं धार धरून ओतायचं, दुसरीनं लाटण्यानं न थांबता ढवळायचं. सई म्हणाली, "मी ओतते. नेहमी मीच ओतते. आई ढवळते." ढवळायची, असं ती म्हणाली नाही.

हिराकाकू गच्चीवर साडी पसरून खाली आल्या होत्या, दारात टेकून बघत होत्या. सई मीठ आणायला आत वळली तेव्हा त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आता तुलाच आई म्हनल ती. थोरा दम धर." त्यांना माझ्याबद्दल माया होती म्हणून त्या बोलल्या. मी मान हलवली आणि लाटणं उचललं.

धार पडायला लागली. पांढरा चीक उकळत्या पाण्यात पडताच घट्ट होत गेला, लाटणं जड झालं. वाफेनं दोघींचे चेहरे घामेजले. शिजत आल्यावर सईनं चमच्यावर थोडा काढला, फुंकर घातली आणि जिभेवर ठेवला.

"मीठ कमी आहे का?" मी विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "अगदी आईसारखाच झालाय."

आणि तिचा चेहरा मोडला. तेराव्याला न रडलेली, इथे आल्यापासून न रडलेली माझी मुलगी ओट्याला धरून खाली बसली आणि लहान मुलासारखी म्हणत राहिली, "मला आई हवी. मावशी, मला माझी आई हवी."

मी गॅस बंद केला. खाली बसून तिला कुशीत घेतलं. हे शरीर तिचं पहिलं घर होतं. या छातीवरून तिला मीच वेगळं केलं होतं. आता ती परत तिथेच तोंड खुपसून रडत होती आणि जिच्यासाठी रडत होती ती मी नव्हते. तिचे हुंदके माझ्या बरगड्यांत लागत होते. मला वाटलं होतं, असा क्षण आला तर मला सहन होणार नाही. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे आलं ते पेणचं न्हाणीघर, गरम पाण्याची वाफ आणि दार लोटून घेणारी ताई. मी सातवीतली, पोटात दुखत असलेली.

"मलाही हवी," मी म्हणाले.

सईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक त्या सगळ्या दिवसांत तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं, की माझंही कुणी गेलंय. तिनं आपल्या ओढणीनं आधी माझे डोळे पुसले. हिराकाकू दारातून केव्हा निघून गेल्या ते कळलं नाही.

चिकाच्या गाठी झाल्या होत्या. कुरडया काही धड पडल्या नाहीत, सोऱ्यातून तुटून तुटून आल्या. उरलेला चीक आम्ही दोघींनी दूध-साखर घालून खाल्ला, ओट्यापाशी उभ्यानंच. सुधीरनं संध्याकाळी येऊन गच्चीवरच्या वेड्यावाकड्या कुरडया पाहिल्या आणि म्हणाला, "तळल्या की सगळ्या सारख्याच लागतात." सई हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा.

ती जून लागायच्या आत परत निघाली. भाऊजी घरी यायचे होते. मी तिला सोडायला एसटी स्टँडवर गेले. नाशिकची गाडी लागायला वेळ होता. बाकावर आमच्या शेजारी उरणकडची एक म्हातारी बसली होती, पायाशी सुक्या मासळीची टोपली, वर ओलं फडकं. ती आमच्याकडे बराच वेळ बघत होती. आळीपाळीनं, एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग सरळ विचारलं, "लेक का गो तुजी?"

एरवी असं कुणी विचारलं की सई पटकन म्हणायची, मावशी आहे माझी. लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी ती बोलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, की उत्तर तिनं माझ्यावर सोडलंय. मी हो म्हटलं असतं तरी तिनं ते खोडलं नसतं. आईच्या मागे एवढं द्यायला ती तयार होती.

वीस वर्षांत कुणी माझ्यासाठी असं उत्तर मोकळं ठेवलं नव्हतं. तो एक शब्द ओठांवर आलाही होता.

"माझ्या ताईची लेक," मी म्हणाले.

"हां," म्हातारी म्हणाली आणि टोपलीवरचं फडकं नीट केलं.

सईनं माझा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि गाडी लागेपर्यंत तिथेच ठेवला.